विरोधातला एकच हात

कोऱ्या माठाचा वास आला, की वर्षानुवर्षे लपवलेला माझा भित्रेपणा आठवतो. दुष्काळ होता, लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी शिकवायचो त्या शाळेत वर्गात पाण्याचा एकच नवा माठ असे. जर्मनीत हुकूमशाही मतांच्या वाटेने कशी आली, हे मी एके दिवशी शिकवले. तास संपताच एक जण ओरडला, "हात वर करा रे, सरांची लोकशाही!" बौद्ध वस्तीतल्या मुलीने माठाला शिवू नये, असे ठरले, विरोधात तिचा एकटीचा हात होता. "सर, जर्मनीत बी असंच झालं ना?" तिने विचारले. "बहुमत आहे," असे पुटपुटून मी निघालो. परवा नांदेडला एका कार्यक्रमात ती प्राध्यापिका म्हणून भेटली, तिने पाण्याचा पेला पुढे केला, आणि मी सर्वांदेखत म्हणालो, "त्या दिवशी दुसरा हात माझा हवा होता. मला क्षमा कर."