भवानीच्या मापाची खाच

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी काहीतरी शहाण्यासारखं लिहीन आणि ते खरं नसेल. मैलापूरहून नुकतीच आलेय, भवानीच्या घरून. बोटांना अजून तिळाच्या तेलाचा वास येतोय आणि कीबोर्डपण तेलकट झालाय. भवानी म्हणजे माझी मैत्रीण. बारावीच्या मेकॅनिकल ग्रुपमध्ये आम्ही दोघीच मुली आहोत... होतो. ती गेली त्याला काही आठवडे झाले. डेंगू. शाळेमागच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आम्ही सगळे लोखंड घासत होतो, शण्मुगम सरांना फोन आला, त्यांनी सगळ्यांना कानशी खाली ठेवायला लावल्या. त्या शेडमध्ये कायम खर्र-खर्र चालू असते. ती अचानक थांबली तेव्हाच मला कळलं होतं, सर बोलायच्या आधीच.

आमची वर्गातली परीक्षा कशी असते ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. दोघादोघांची जोडी असते. प्रत्येकाला लोखंडाचा एक जाड तुकडा देतात, त्याला जॉब म्हणतात, त्यावर शाळेचा शिक्का ठोकलेला, म्हणजे बाहेरून तयार आणता येत नाही आणि बिघडला तर दुसरा मिळत नाही. एकानं जीभ काढायची, म्हणजे पुढे आलेला भाग, दुसऱ्यानं ती जीभ बसेल अशी खाच. सगळं हातानं, कानशीनं, आठवडेच्या आठवडे. शेवटी बाहेरचे परीक्षक येतात, दोन्ही तुकडे एकमेकांत बसवतात आणि ट्यूबलाइटसमोर धरतात. सांध्यातून उजेड दिसला की मार्क गेले. शिवाय प्रत्येक तुकड्याचं माप ड्रॉइंगप्रमाणे आहे का तेही तपासतात. जीभ भवानीची होती, खाच माझी.

तिचं घराणं तंजावरचं, घरात बोलायचे ते मराठी जुनं, त्यात तमिळ मिसळलेलं. मी म्हणायचे, "तुझं मराठी म्युझियममधलं आहे." ती म्हणायची, "आणि तुम्मी काल एग्मोर स्टेशनला उतरले, अम्मालाच शिकवता?" माझे बाबा इथे रेल्वेच्या कारखान्यात, बदली होऊन आलेले, त्यामुळे हे मला कायम ऐकावं लागायचं. तिच्या आईला, म्हणजे काकूंना, मुलीनं लोखंड घासणं अजिबात पटत नव्हतं. नखांत काळं, हाताला फोड... "जॉब पूर्ण झाला की घरी नेऊन तिच्या हातात ठेवणार, मग बघ," असं भवानी म्हणायची. तिला एवढंच हवं होतं.

शेवटचं भेटलो त्या दिवशी तिला ताप होता. मी म्हटलं, घरी जा. "सेरी सेरी, जाते, ही बाजू संपवते आणि." हात जड पडत होता, तिला कळत नव्हतं. मग व्हर्नियर, म्हणजे मापायची पट्टी, लावून बघितलं तर जीभ अर्धा मिलिमीटर कमी. तिनं परत मोजलं. परत. मग तिथेच खाली बसली.

"गेलं. काकूंना काय दाखवू?" मला चिडवायला ती माझ्यासमोर स्वतःच्या आईलाही काकूच म्हणायची.

मी म्हटलं, "माझी खाच अजून लहान आहे. मी तुझ्या मापालाच थांबते."

"पैत्यम, वेडी आहेस काय? दोघींच्या मापाचे मार्क जातील!"

"उजेडाचे तरी मिळतील."

"उद्या बघू," ती म्हणाली. तुकडा तेलानं पुसला, कारण आमच्या मद्रासच्या हवेत लोखंड एका रात्रीत गंजतं, आणि कपाटात ठेवून गेली.

ती परत आलीच नाही. फोन आला त्यानंतर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, माझी नमुन्याची जीभ घे, तिच्यावर खाच बसव, ड्रॉइंगप्रमाणे कर, तुला पॉलिटेक्निकला जायचंय. बाबा घरी तेच म्हणाले. "सर बरोबर सांगतायत बाळा. तिला आता मार्क लागणार नाहीत."

"मग तिच्या जॉबचं काय?"

"जोडी नसेल तर भंगारात."

एकदा खाच मोठी केली की संपलं, घासलेलं लोखंड परत येत नाही. कानस हातात धरून मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. मग तिची जीभ कपाटातून काढली आणि तिच्याच मापाला घासत गेले, बसेपर्यंत.

गुरुवारी परीक्षक आले. जोडी लाइटसमोर धरली... काळंकुट्ट. केसाएवढा उजेड नाही! "गुड," म्हणाले. मग व्हर्नियर लावला आणि तोंड बदललं. "दोन्ही मापं चुकली. ड्रॉइंग बघितलं नाही? पार्टनर कुठाय?" सरांनी हळू आवाजात सांगितलं. तरी त्यांनी मापाच्या रकान्यात माझ्यापुढे शून्य लिहिलं. भवानीच्या नावापुढे आधीच गैरहजर लिहिलेलं होतं. तिनं केलेली वस्तू शेजारीच टेबलावर पडली होती, आणि ती गैरहजर. मला पॉलिटेक्निक मिळेल की नाही, माहीत नाही. बहुतेक नाही.

आज सरांनी जोडी पेपरात गुंडाळून दिली आणि मी ती मैलापूरला नेली. काकूंनी उघडून बघितलं. "इतकंच का गे? हेच घासत होती, इतके दिवस?" मग त्यांनी विचारलं, "बरोबर आलं का तिचं?"

मी म्हटलं, "काकू, उजेडात धरून बघा."

त्या खिडकीशी गेल्या. बराच वेळ ते डोळ्यांसमोर धरून उभ्या राहिल्या. मग आतून तेलाची बाटली आणली, दर शुक्रवारी भवानीच्या डोक्याला लावायच्या तीच, अर्धी भरलेली. तळहातावर तेल घेतलं आणि लोखंडाला चोळायला लागल्या, सावकाश, बोटांनी, केसांच्या मुळाशी चोळावं तसं. "तुझं तू घेऊन जा गे," म्हणाल्या. मी माझा तुकडा ओढून बघितला, तेलानं घट्ट धरलेला, निघेना. आणि नेऊन तरी काय करू? त्या खाचेत दुसरं काही बसतच नाही आता. तिथेच ठेवून आले. शुक्रवारी तेल लावायला परत जाणार आहे.

तुमचं झालंय का असं? कुणाच्या चुकलेल्या मापाला तुम्ही आपलं माप बसवलं, आणि मग ते माणूसच राहिलं नाही... सांगा ना, कुणाचं तरी झालंय का?