खंदकाचं दार

शनवारकाका शनिवारी मशीनला हात लावत नसे. लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात शनिवारी दीडपट पगार, आम्ही सगळे त्यावर तुटून पडत असू. आणि हा गडी घरी, धुतलेला पांढरा सदरा घालून बसलेला. मशीनवरच्या गुजराती बायकांना वाटे, ह्याला साडेसाती असेल, शनीचा उपास करतो. शेवटी फोरमननं विचारलंच. हा म्हणाला, "माझा देव सहा दिवस राबला आणि सातव्या दिवशी बसला. मी काय देवापेक्षा मोठा?" फोरमननं पुन्हा विचारलं नाही. मी बुद्धाच्या वैशाख पौर्णिमेची सुट्टी मागितली, तर मला म्हणाला, कुठली पौर्णिमा? तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

तो बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचा ज्यू. पोरंबाळं त्याला शनवारकाका म्हणत, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले म्हणे. तिथं तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. साहेबाच्या राज्यात तेच लोक पलटणीत शिरले, हवालदार झाले, सुभेदार झाले. कुणाचा आजोबा कुठं लढला, कुणाला कुठं पुरला, सगळं ह्याला पाठ. "आम्ही विसरलो की संपलो," असं म्हणायचा. अस्सल कोकणी, पण धर्मात चालत नाही म्हणून कोळंबीला शिवत नसे. आणि मराठी अशी बोले की मी चौथी शिकलेला नुसता ऐकत राही. मला राग यायचा. आम्ही महार काय पलटणीत गेलो नाही? मेलो नाही? पण आमचं पाठ करून ठेवायला आम्हाला कुणी पाटीला हात लावू दिला होता?

नोव्हेंबर आला की माझं जास्तच बिघडे. स्वतःची पदकं कोटाच्या डाव्या बाजूला लावायची आणि बापाची उजव्या, अशी इथली रीत. त्याची उजवी बाजू भरलेली. पॉपीच्या रविवारी, म्हणजे लढाईत मेलेल्यांच्या आठवणीला कोटावर लाल कागदी फूल लावतात त्या दिवशी, आम्ही दोघं शहरातल्या स्मारकापाशी उभे राहू. पुढच्या रविवारी हा पुन्हा लंडनला, ज्यू सैनिकांच्या संचलनाला.

"तुला दोन रविवार कशाला रे?"

"एक राजाचा, एक आमचा."

माझा बापही ब्रह्मदेशात लढला. मी पाच वर्षांचा असताना वारला. आईला विचारलं तर म्हणायची, "बरम्यात होते." बस. पदक नाही, फोटो नाही. मी रिकाम्या कोटानं उभा राही आणि त्याच्या छातीकडे बघे.

मग ती टीव्हीवाली पोरगी आली. ज्यू सैनिकांवर लढाईची मालिका काढणार होते. हिंदुस्थानातले ज्यू शिपाई काय खात, सण कसे पाळत, हे तिला हवं होतं. मी मुद्दाम जाऊन शेजारी बसलो. हा रंगात आला. म्हणाला, "आमचा दारफळणीचा सण असतो. दार लावून घ्यायचं, दिवसभर उपाशी राहायचं, देवाची माफी मागायची. पण ब्रह्मदेशात खंदकाला दार कुठलं? तेव्हा बाबांचा एक दोस्त, महार शिपाई, म्हणाला, मी बसतो तोंडाशी, मीच दार. गोळ्या चालू असताना दिवसभर बसला." आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा बाप. सखाराम."

इतक्या वर्षांत हे माझ्या कानावर पहिल्यांदा येत होतं. माझा भडका उडाला. मराठीतच सुरू झालो.

"म्हणजे तुझ्या बापानंही माझ्या बापाला दारातच बसवला? गावात पिढ्यान् पिढ्या बसलो, ते पुरलं नाही?"

"अरे शहाण्या, बाहेर नाही. आत. बाबांच्या पाठीला पाठ लावून."

"आणि तो माझाच बाप कशावरून?"

"बाबा सखाराम म्हणायचे."

"सखाराम काय एकच होता?"

"बरं, नसेल तुझा. मग तू सांग तुझ्या बापाची गोष्ट. ती लिहून घेईल."

पोरगी पेन धरून माझ्याकडे वळली. माझ्याजवळ आईचे दोन शब्द होते. ते मी सांगितले नाहीत. टोपी घेतली आणि घरी आलो.

त्यानंतर मी बोलणं टाकलं. तो हॉस्पिटलात पडला तेव्हा गेलो. नाकात नळी होती, तरी म्हणाला, "अजून रागात आहेस?"

"आहे. खरं सांग, तो माझाच बाप होता का?"

"काय ठाऊक! पण बाबांचा सखाराम बेवारस पडलाय रे. कुणी न्यायला आलंच नाही. तू ने की."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आलो. त्याच आठवड्यात तो गेला. त्याच्या माणसांनी त्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारून मातीत ठेवला, अमक्याचा मुलगा तमका. तिथंसुद्धा मला हेवा वाटला.

यंदा मालिका लागली. त्याच्या बापाचं काम करणारा नट अगदी अलिबागचा शोभावा असा. आणि खंदकाच्या तोंडाशी कोण? दाढीवाला, पगडी बांधलेला सरदार! ह्यांना हिंदुस्थानी शिपाई म्हटलं की पगडीच दिसते. मी शनवारकाकाला शिव्या घालायला फोन उचलला, आणि तसाच ठेवून दिला.

नात म्हणाली, "आजोबा, हा माणूस कोण आहे? नुसता बसलाय."

"माझा बाप."

"पण तो सिख आहे! एवढी मोठी पगडी!"

"पगडी त्यांची, माणूस आपला. सखाराम नाव."

"मग त्याला बाहेर का ठेवलंय?"

"बाहेर नाही. नीट बघ, आत आहे."

मी टीव्ही थांबवायला लावला आणि सगळी गोष्ट सांगितली, त्याच्याच शब्दांत. माझ्याकडे दुसरे नव्हते. नात डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "हे तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलं?"

हो म्हणायला काय लागत होतं? खोटं पकडणारा एकच होता, तो मातीत होता. माझा बाप माझ्याजवळ असायला हवा होता, आणि निघाला त्याच्याकडे.

"नाही," मी म्हटलं. "शनवारकाकानं."