बशीखालची नोट

बालाघाटच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात ते काका रोज चहाला येतात. नाव मी कधी विचारलं नाही. चहा संपला की दहाची नोट बशीखाली सरकवतात, उठतात आणि नेमके दारात थांबून मागे बघतात. मागच्याला निघता येत नाही, म्हणून मला त्यांचा रागच यायचा.

एकदा मी विचारलंच, "काका, काही राह्यलं काय?"

"नाही बा. मायी पोरगी जपानले राह्यते. तिच्याकडं गेलतो, तं तिथल्या हाटेलात अशीच टीप ठेवली. तिथं कोणी टीप घेत नाही, हे मले काय माहीत. जेवण वाढणारी पोरगी नोट वापस द्याले रस्त्यावर मायामांगं धावत आली. मी उकव्याच्या मँगनीजच्या खदानीत कामाले होतो. डब्बा इसरलो का मायी पोरगी अशीच धावत ये."

आत वेटरने बशी उचलली आणि नोट खिशात टाकली. काकांनी ते पाहिलं. मग ते घराकडे निघाले, मागून येणाऱ्या कुणालाही सहज गाठता येईल इतक्या हळू.