मेलेल्या रोपांची पाकिटं

पालघरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं काम बघणारे एक काका होते, मुरबे गावचे कोळी. भिंगाखाली मोहरीच्या पानावरची लव मोजताना ते आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मध्येच कोणी बोललं की खेकसत, "आता परत पयल्यापासून!"

माझा प्रयोग साधा होता. जास्त लवेच्या रोपांचंच बी धरायचं आणि पुढच्या पिढीत लव वाढते का ते बघायचं. पहिल्या पिढीतली बरीच रोपं मोजण्याआधीच मेली. सरासरी काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तक्ता भरताना माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तिथे शून्य टाक. पहिल्या पिढीची सरासरी खाली येईल, वाढ मोठी दिसेल."

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. सरांपुढे बोलायचं कसं? मुकाट शून्यं टाकू लागले. त्या मुकाटपणाचा मला आजही संताप येतो, सरांइतकाच.

काकांनी कपाटातून पाकिटं काढली. प्रत्येकावर नंबर आणि आत पान फुटण्याआधीच वाळलेलं एक रोप. त्यातलं एक त्यांनी कीबोर्डवर ठेवलं. "बाय, याची लव मोजून दाव. जी होडी दर्यात गेलीच नाय, ती रिकामी आली असं आमी सांगत नाय."

"तुम्ही टेबलं पुसा," सर म्हणाले.

काकांनी टेबल पुसलं, पाकिटं न हलवता. मग माझ्या शेजारी बसून एकेक नंबर वाचू लागले, आणि मी सरांदेखत एकेक शून्य खोडून रकाना रिकामा करू लागले.

"अहो, ऐका तरी—" सर म्हणाले.

"आता परत पयल्यापासून!" काका खेकसले.