पांदणीची गाडी

देवानंदने उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली, आणि त्यातली बरीचशी माझ्या गाडीवर. मी ड्रायव्हर. तो "चला" म्हणून घंटी वाजवणार, मी गाडी काढणार. स्टिअरिंगला त्याने कधी हात लावला नाही. सायकलसुद्धा तो चालवण्यापेक्षा हातात धरून नेण्यातच जास्त खूश असायचा. म्हणून साठीला टेकलेला हा माणूस एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि जे बोलला, ते ऐकून माझ्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"किसनराव, मले डर्ट बाईक घ्याची हाय."

"काय घ्याची हाय?"

"डर्ट बाईक. थे उंच मडगार्डवाली. रानात, चिखलात चालते थे."

"अन् चालवन कोन?"

"मीच."

मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा मला समजलं की हे प्रकरण शकुनचं आहे.

शकुन त्याची बायको. दर्यापूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावापासून बऱ्यापैकी लांब, शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, पांदणीच्या, पार टोकाला तिचं शेत. तिचं म्हणतो, कारण ते तिच्या बापाकडून आलेलं. देवानंद ड्युटीवर, पोरगा शिवम शाळेत, आणि ही बाई पेरणीपासून वेचणीपर्यंत एकटी त्या पांदणीने जायची-यायची. आता गुडघे गेले. घरातल्या घरात भिंत धरून चालते. उन्हाळ्यात पांदणीतून ऑटो जातो, पण उन्हाळ्यात शेतात पाहायचं काय, ढेकळं? तिला कापसाचं उभं पीक पाहायचं होतं. सलग दोन पावसाळे तिने ते पाहिलं नव्हतं, मजुरांकडून ऐकलं फक्त. आणि शिवमने नागपुराहून सांगून टाकलं होतं की हे शेवटचं साल, पुढच्या वर्षी शेत बटईने, वाट्याने दुसऱ्याला कसायला द्यायचं. देवानंदलाही ते नाकारता येईना. म्हणजे आपलं पीक पाहायचं तर याच पावसाळ्यात.

बाहेरच्या माणसाला आमची काळी माती सांगून कळत नाही. पाऊस पडला की ती पायाला धरते ते सोडत नाही. पांदणीत ट्रॅक्टर रुततो, बैलजोडी आता गावात कोणाकडे उरली नाही, आणि साधी मोटारसायकल नेली तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी ठासून भरते की चाक फिरायचंच थांबतं. मग बसा काडीने कोरत.

मी एक सोपा उपाय सुचवला होता. बाजेवर बसवू, चार जण धरू, जाऊ. शकुन माझ्यावर असली कडाडली की विचारू नका. "जित्या मानसाले बाजेवर नेतेत का, भाऊजी? मेली नाई मी अजून. जाईन तं गाडीवर बसून जाईन, नाई तं नाई जात."

तिचं खरं होतं. आमच्याकडे बाजेवरून माणूस दवाखान्यात जातो, नाही तर दवाखान्यातून परत येतो. मी कान धरले.

तर आम्ही गाडी पाहायला निघालो. आधी अमरावतीला. शोरूमच्या पोराने विचारलं, "नातवासाठी पाहता का, काका?" देवानंदने मान हलवली, हो की नाही ते पोराला समजलं नाही. गाडी भारी होती. सीट एवढी उंच की देवानंद बसला तेव्हा त्याचे दोन्ही पाय कंदिलासारखे लोंबत राहिले. पोरगा ताकदीचं सांगत होता, किती चढ चढते, किती उडी मारते. मी म्हटलं, उडी जाऊ दे बाबा, हिला खाली पाड. पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. म्हटलं, हा माणूस पडणार, यात शंका नाही. पडल्यावर गाडी त्याला एकट्याला उचलता आली पाहिजे. पोराने नवी गाडी काही पाडू दिली नाही, नुसती कलंडवून देवानंदच्या हातात दिली. त्याचा चेहरा लाल झाला, गाडी हलली नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो.

नंतर अकोल्याला जुन्या गाड्यांच्या दुकानात एक सापडली. हलकी, बुटकी, इंजिन लहान, रंग उडालेला. पण पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, मागचंही तसंच. मध्ये माती अडकायला जागाच नाही. पायांचे चवडे जमिनीला टेकले. दुकानदाराने बिनतक्रार आडवी करू दिली. देवानंदने हँडल धरलं, कंबर लावली आणि उचलली. धापा टाकत माझ्याकडे पाहत राहिला. शाळेत पहिला नंबर आल्यावर पोरं असंच पाहतात.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सारा उन्हाळा कोरड्या पांदणीत मी याच्या मागे बोंबलत हिंडलो. क्लच सोडण्याआधी तो मोठ्याने "चला" म्हणायचा, आणि म्हणून झालं की मागे वळून पाहायचा, सगळे चढले की नाही. "अबे, पुढं पाह्य! मांगं कोनी नाई!" मी ओरडायचो. तेवढ्यात तो बाभळीत गेलेला असायचा. कितीदा पडला याचा हिशेब नाही. पण दर वेळी गाडी त्याने स्वतः उचलली. मिरगापर्यंत तो पांदणीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागला, आणि पहिल्या चिखलातही एकटा जाऊन आला. चाक कुठे अडलं नाही. गावाने तोंडात बोटं घातली.

आता शकुनला बसवायचं. ओट्याला गाडी लावली, ती ओट्यावरून सीटवर सरकली. गुडघे वाकत नाहीत, म्हणजे बसणार एका बाजूनेच. आणि लुगड्याचा पदर थेट उघड्या चाकाजवळ. अंगणात एक चक्कर मारली तर पदर साखळीला चाटून आला. शिवाय पुढच्या चाकाने उडवलेला चिखल दोघांच्या तोंडावर. शकुनने नुसतं पदराने तोंड पुसलं. पण देवानंदचं तोंड उतरलं.

मी भाचीच्या घरी चार दिवस अकोल्याला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर गाडीला मागे साडीगार्ड, त्याच्या आत चाकाला लागून पत्रा, आणि पुढे चाकाला चिकटून साधं बुटकं मडगार्ड. ज्यासाठी दोन जिल्हे पालथे घातले होते, तेच दर्यापूरच्या मिस्त्रीकडून याने बुजवून आणलं होतं.

"देवानंद, हे काय केलं रे? माती अडकन ना!"

"मंग काय करू?" तो म्हणाला. "तिचं लुगडं चाकात गेलं तं?"

गार्ड काढला तर तिला बसता येत नाही, गार्ड ठेवला तर गाडी जात नाही.

"चार दिवस उघाड हाय," तो म्हणाला. "वरून वाळली असन पांदन. जमन."

वरून वाळली होती.

पोळा होऊन गेलेला. दुपारी ओट्यावरून शकुन गाडीवर बसली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. "चला," देवानंद म्हणाला, मागे वळून पाहिलं. या वेळी मागे खरंच कोणीतरी होतं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "किसनराव, चाक फिरत नाई."

मग फोनवर शकुनचा आवाज आला. "भाऊजी, बाज घेऊन या."

आम्ही चौघे बाज घेऊन पोचलो तेव्हा गाडी अर्ध्या पांदणीत मातीत चिणल्यासारखी उभी होती. दोन्ही चाकं दिसत नव्हती. देवानंदने काडीने, बोटांनी कोरून पाहिलं होतं, नखं फुटली होती. शकुन कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, पाय लांब करून बसलेली. उतरताना त्याच्या खांद्यावरून घसरली होती. पुन्हा चढायला इथे ओटा कुठून आणणार, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. देवानंद तिथे नव्हता.

"शेतात पाठवलं त्यायले," ती म्हणाली. "म्हटलं, तुमी तं पाहून या."

तो आला, मांड्यांपर्यंत चिखल.

"कशी हाय पराटी?" तिने विचारलं.

"चांगली हाय."

"पाती किती धरली? फुलं पिवळीच हायत का लाल पडून राहिली?"

त्याने मागे वळून शेताकडे पाहिलं.

"नाल्याकडचा कोपरा पाह्यला?"

"एक झाड उपटून आनू का? तुले दाखवतो."

"खबरदार उभ्या झाडाले हात लावला तं!"

तो पुन्हा गेला. आम्ही कोणी त्याला अडवलं नाही. बऱ्याच वेळाने धापा टाकत परत आला. "नाल्याकडं पिवळं पडलं हाय. पानी साचलं हाय तिथं. बाकी हिरवं हाय. फुलं पिवळी बी हायत, लाल बी हायत."

"तिथं दरसाल पिवळं पडते," शकुन म्हणाली. "म्या तुमाले दरसाल सांगतलं. तुमी ड्युटीहून याचे अन् हो-हो म्हनून झोपून जाचे."

देवानंद रडायला लागला. आम्हां सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या. मला राग आला. त्याचा नाही, त्या मातीचा, त्या पत्र्याचा, आणि त्या गुडघ्यांचा, ज्यांचं कोणालाच काही करता येत नव्हतं.

मी म्हटलं, "वैनी, आता बाज आलीच हाय. तशीच नेतो ना शेतापर्यंत."

तिने शेताच्या दिशेला पाहिलं. तिथून नुसता कडुनिंब दिसत होता. "नाई," ती म्हणाली. "त्या शेतात मी बाजेवर नाई जात. यायनं पाह्यलं, पुरे."

पुरे नव्हतं. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

ती बाजेवर आडवी झाली नाही. ताठ बसली, तोंड शेताकडे करून. मी बाजेचा पुढचा पाय धरला, देवानंदने मागचा, उरलेले बाकीच्यांनी. गावाकडे तोंड करून मी उभा राहिलो आणि जुन्या सवयीने त्याच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. मागून आवाज येईना. मी वळून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

शकुनने त्याच्या हातावर हात ठेवला.

"चला," ती म्हणाली.