मापातलं पाणी

आमच्या गल्लीच्या कट्ट्यापाशी एक दूधवाले रोज म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते मला 'पावणं' म्हणतात, मी त्यांना मामा. दुधाच्या मापाला ते कुणाचं बोट लागू देत नाहीत. "ह्यात पाण्याचा थेंब पडला न्हाय, पडणार न्हाय!" हे रोज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

परवा रविवारी आम्ही हौशी मंडळी शहरातल्या ओढ्यात पाण्यातले बारीक जीव शोधत होतो. दूध संपवून परतणारे मामा काठावर थांबले. "गटार हाय ते! काय घावणार त्यात?"

तेवढ्यात माझ्या जाळीत चतुराचं पिल्लू आलं! पंख फुटेपर्यंत चतुर पाण्यातच वाढतो, हे मी ओरडूनच सांगितलं. पण ते ठेवायची बरणी तडकलेली निघाली, पाणी गळून गेलं. पाण्याबाहेर ते तगणार नाही, म्हणून बाकीच्यांना दाखवायच्या आतच पिल्लू सोडून द्यायला मी वाकलो.

"थांबा की पावणं!" मामा चपलांसकट ओढ्यात उतरले. हातातलं दुधाचं माप पाण्यात बुडवलं आणि माझ्यापुढं धरलं. "टाका ह्यात, बिगीनं!"

मग ते माप दोन्ही हातांत धरून ते काठावरच्या एकेकाला दाखवत सुटले. रोजचं एक गिऱ्हाईक हसलं, "मामा, मापात पाणी?"

"व्हय, पाणी हाय!" मामा गरजले. "पर जित्तं हाय. बगा की!"