बाहेरची लाइन

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितले नव्हते — बायकोलाही नाही. सांगायचे तर आधी शशिकलाबायचे नाव घ्यावे लागते. आज मी जो काही आहे, तो तिच्यामुळे.

गोव्यात तुयेच्या कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. मी सुर्ल्याचा, खनिजाचा ट्रक चालवणाऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. माझा अर्ज तीच मॅनेजरच्या केबिनमध्ये घेऊन गेली. “हो आमचो भुरगो. शिकलेलो आसा,” — हा आपला मुलगा, शिकलेला आहे — एवढेच म्हणाली. मला नोकरी लागली.

पुढे इंटरनेटवरचे फोन आले. ते बसवायचे काम माझे. प्रत्येक फोनला वेगळा, अवघड पासवर्ड हवा, हे मला ठाऊक नव्हते का? होते. पण लोक विसरतात, सारखे विचारायला येतात — म्हणून ज्या टेबलावरच्या फोनचा जो नंबर, तोच त्याचा पासवर्ड ठेवला. शशिकलाबाय हसली. “कुलूप घातलंस आनी चावी दाराकच टांगलीस मरे?” जुन्या बोर्डावर ती घरी जाताना रोज बाहेरची लाइन बंद करायची. आताही तसे करता येईल का, असे तिने विचारले. परदेशी कॉल बंद ठेवणे दोन मिनिटांचे काम होते. मी म्हटले, “बाय, तो जमाना गेला.”

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत कुणीतरी इंटरनेटवरून तिच्या फोनच्या खात्यात शिरले. परदेशात शेकडो कॉल झाले. तिचा मुलगा जहाजावर नोकरीला — तिनेच त्याला पासवर्ड दिला असणार, असे मॅनेजर म्हणाला.

मी सिस्टीममधल्या नोंदी पाहिल्या होत्या. चोर एकेक नंबर चाचपत आला होता, आधी इतरांचे, मग तिचा; परदेशी कॉल फक्त तिच्याच फोनवरून लागत. सगळे स्पष्ट दिसत होते. आणि मी काय केले? पासवर्ड बदलले. नोंदी पुसल्या. “तुझी सिस्टीम ठीक होती ना?” मॅनेजरने विचारले. “होय, सर.” ती तिथेच उभी होती, माझ्याकडे पाहत — मी बोलेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. फोनची सुरक्षा सगळ्यांना शिकवायचे काम आता माझ्याकडे आहे. चोख शिकवतो.

गेल्या आठवड्यात तिला पत्र पाठवले. ते असे :

“शशिकलाबाय,
तुझ्या मुलाने काही केले नव्हते, तूही नाही. चूक माझी होती. पुरावा मी पुसला. खोटे बोललो, ते जाणूनबुजून. हेच लिहून, सही करून मॅनेजरला दिले आहे. प्रत सोबत आहे. ज्याला दाखवायची त्याला दाखव.
— सुहास”